डोंगराकडे तोंड केलेला अँटेना

कोयनानगरला माझ्या मामांच्या घराच्या छपरावर एक गंजलेला लोखंडी पाइप अजून उभा आहे. त्याच्या टोकाला एक आडवी दांडी आणि त्या दांडीवर माशाच्या काट्यासारख्या ॲल्युमिनियमच्या काड्या. त्यातल्या दोन वाकल्यात, कारण माकडांना लोंबकळायला तीच जागा आवडायची. हा जुना टीव्हीचा अँटेना. त्याच पाइपाला खालच्या बाजूला एक डिश बसवलीय. तिला घरात सगळे छत्री म्हणतात. अँटेना समोरच्या डोंगराकडे बघतो आणि छत्री आभाळाकडे.

लहानपणी मे महिन्यात आम्ही भाचरं तिथे जमलो की मला एक कोडं पडायचं. टीव्हीचं चित्र येतं टॉवरवरून. मग अँटेनाचं तोंड टॉवरच्या दिशेला हवं. पण मामांनी तर ते समोरच्या डोंगराकडे वळवलं होतं! त्या डोंगरावर टॉवर नाही, घर नाही, खांबसुद्धा नाही. नुसती झाडी. मामांना विचारलं की म्हणायचे, "तिकडनंच येतंय बघ चित्र."

डोंगरातून चित्र कसं येईल? मामा तर कधी खोटं बोलत नाहीत. या कोड्याचं उत्तर मला बरंच मोठं झाल्यावर मिळालं, आणि ते इतकं भारी निघालं की तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. पण त्यासाठी आधी लहरींची ओळख करून घ्यायला हवी.

कोयनेच्या मुलांना लहर म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला होता. त्याच्या आठवणी आजी-आजोबा अजून सांगतात. आजही अधूनमधून एखादा छोटा धक्का बसतो. मांडणीवरची भांडी खणखणतात, खिडकीची तावदानं थरथरतात. अशा वेळी पायाखालची जमीन एका सेकंदात काही वेळा इकडून तिकडे हलते. एका सेकंदात किती वेळा हललं, त्या आकड्याला म्हणायचं वारंवारता. तिचं माप हर्ट्झ. सेकंदाला एकदा हललं तर १ हर्ट्झ, पाचदा हललं तर ५ हर्ट्झ.

आता घाट उतरून पलीकडे पोफळीला चला. तिथे डोंगराच्या पोटात वीजघर आहे. कोयनेचं पाणी वरून कोसळतं, जनित्रं फिरतात आणि वीज तयार होते. ही वीज तारेतून एकाच दिशेने सरळ वाहत नाही. ती पुढे-मागे, पुढे-मागे करते. सेकंदाला ५० वेळा. म्हणजे ५० हर्ट्झ. गंमत म्हणजे आपले जुने टीव्ही पडद्यावर सेकंदाला ५० वेळाच चित्र रंगवायचे. एकदा सगळ्या विषम ओळी, एकदा सगळ्या सम ओळी. हा योगायोग नाही. ज्या देशांत ५० हर्ट्झची वीज होती, तिथल्या इंजिनिअरांनी टीव्हीचा ठेका विजेच्या ठेक्याला जुळवून घेतला होता.

आणि टॉवरवरून निघणारी लहर? तिची वारंवारता ऐका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याचं चॅनेल होतं ४ नंबरचं. या चॅनेल ४ ची जागा ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. मेगा म्हणजे दहा लाख. म्हणजे वरळीच्या ३०० मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली लहर सेकंदाला सहा कोटींहून जास्त वेळा थरथरत होती!

तर चॅनेल हे खरं म्हणजे हवेतल्या एका जागेचं नाव. आपण आज 'चॅनेल लाव' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर कार्टून किंवा क्रिकेट येतं. पण जुन्या टीव्हीवर खटखट करत फिरणारी जी गोल खुंटी असायची, तिच्यावर २ ते १२ असे नुसते आकडे असत. ते आकडे म्हणजे हवेतले पत्ते.

या पत्त्यांतही एक मजा आहे. ४ नंतर ५ येतो, म्हणजे चॅनेल ५ हा चॅनेल ४ चा शेजारी असणार असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही! चॅनेल ४ संपतो ६८ मेगाहर्ट्झला आणि चॅनेल ५ सुरू होतो थेट १७४ मेगाहर्ट्झला. मधली जागा कोणाची? त्यात ८८ ते १०८ मध्ये एफएम रेडिओ राहतो. त्याच्याही वर विमानांचे पायलट जमिनीशी बोलतात. म्हणजे चार आणि पाच या दोन टीव्ही चॅनेलांच्या मधून गाणी जातात आणि विमानंही जातात.

आता परत छपरावर चला, कारण या काड्यांची लांबी उगाच ठरलेली नाही.

प्रत्येक लहरीला एक लांबी असते. एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर. रेडिओ आणि टीव्हीच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. म्हणून हिशेब अगदी सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लांबी मीटरमध्ये मिळते. चॅनेल ४ ची लहर साधारण साडेचार मीटरहून थोडी लांब निघते. चॅनेल ५ ची एक मीटर सत्तर सेंटिमीटर.

अँटेनाची मुख्य काडी या लांबीच्या जवळपास निम्मी ठेवतात. का? झोपाळ्यावर बसलेल्या बहिणीला तुम्ही झोका देता तेव्हा काय करता? ती मागे येऊन परत पुढे निघते, नेमक्या त्या क्षणी ढकलता. भलत्या वेळी ढकललं तर झोका मोडतो. काडीतले इलेक्ट्रॉनही असेच या टोकापासून त्या टोकापर्यंत झोके घेतात. काडी लहरीच्या निम्म्या लांबीची असली की लहरीचा प्रत्येक धक्का बरोबर वेळेवर बसतो आणि झोका वाढत जातो. काडीची जाडी वगैरे लक्षात घेऊन ती आणखी पाच टक्के आखूड कापतात. म्हणजे चॅनेल ५ साठी काडी हवी ८० सेंटिमीटर. चॅनेल ४ साठी हवी सव्वादोन मीटर, म्हणजे घराच्या दारापेक्षाही लांब!

कळलं ना? टीव्ही केंद्राने पत्ता बदलला, तर छपरावरची काडीसुद्धा बदलायला हवी.

मागची काडी थोडी लांब, पुढच्या थोड्या थोड्या आखूड, अशी रचना केली की अँटेना एकाच दिशेचं जास्त ऐकतो. आपण कानामागे हाताचा पंजा धरून ऐकतो, तसंच काहीसं. ही रचना १९२६ मध्ये जपानमधल्या उदा आणि यागी या दोन शास्त्रज्ञांनी शोधली. माकडांनी मामांच्या छपरावर जी वाकवली, ती उदा आणि यागी यांचीच कल्पना.

आणि डोंगराचं कोडं? त्याकडेच येतेय.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून तर प्रक्षेपक नेहमी उंचावर बसवतात. पुण्याजवळ सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे तो याचसाठी. गड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर उंच, त्यामुळे त्याला लांबवरचं दिसतं. नकाशा काढून बघा. सिंहगडापासून सरळ दक्षिणेला बोट सरकवत नेलं की कोयनानगरच येतं. अंतर सुमारे १०७ किलोमीटर. पण मधे महाबळेश्वरचे डोंगर आहेत, आणि कोयनानगर तर चारी बाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट जागेत वसलंय. वर गडावर कितीही मोठा दिवा लावा, वाडग्याच्या तळाशी बसलेल्या मुंगीला तो कसा दिसणार?

दिसतो, कधीकधी. वाडग्याच्या समोरच्या कडेवर उजेड पडला आणि तो परतून खाली आला तर!

मामांच्या घरी तेच होत होतं. टॉवरची सरळ येणारी लहर एका डोंगराने अडवली होती. पण तीच लहर वरून समोरच्या डोंगरावर आदळायची आणि तिथून उलटी फिरून घराकडे यायची. भिंतीवर मारलेला चेंडू परत येतो, तशी. मामांना हे शास्त्र माहीत नव्हतं. त्यांनी फक्त चार संध्याकाळी छपरावर काढल्या. हाताने पाइप एकेक बोटभर फिरवत ते वरून ओरडायचे, "आलं का रं?" खालून मामी सांगायची, "आलं, आलं... थांबा... गेलं!" असं करत करत जिथे चित्र सगळ्यात स्वच्छ आलं, तिथे त्यांनी नट आवळला. ती दिशा नेमकी डोंगराची निघाली. प्रयोग करून उत्तर शोधणं म्हणजे हेच. माझ्या मते मामांनी तेव्हा अस्सल विज्ञान केलं होतं.

तरी थोडीशी सरळ लहरही यायचीच. मग पडद्यावर माणसाच्या शेजारी त्याची एक फिकट जुळी सावली दिसायची. आम्हाला ते भूत वाटायचं! ते भूत म्हणजे एकाच चित्राच्या दोन प्रती. एक लवकर पोचलेली आणि एक डोंगरावर आदळून उशिरा आलेली.

या भुताकडून एक मोजमापही करून घेता येतं. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. जुना टीव्ही पडद्यावरची एक ओळ डावीकडून उजवीकडे अशा फक्त ५२ तुकड्यांत रंगवायचा. एका तुकड्यात लहर ३०० मीटर धावते. पडदा ४० सेंटिमीटर रुंद असेल तर हिशेब निघतो असा: दोन प्रतींमध्ये एक सेंटिमीटर अंतर म्हणजे एक लहर दुसरीपेक्षा सुमारे ४०० मीटर जास्त चालून आलीय. तीन सेंटिमीटर, तर बाराशे मीटर. म्हणजे खोलीत बसून, हातात शाळेची पट्टी धरून, बाहेरच्या डोंगराने लहरीला किती लांबून फिरवलं ते मोजता आलं असतं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, याची आजही हळहळ वाटते.

आणि मुंग्या! चित्र गेलं की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या मुंग्यांची झुंबड उडायची आणि खरखर आवाज यायचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी या मुंग्या बघितल्याच नसतील. पत्त्यावर कोणी बोलत नसलं की टीव्ही जो काही किरकोळ गोंगाट मिळेल तोच मोठा करून दाखवायचा. त्यात विजांचा गोंगाट, मिक्सरचा, टीव्हीच्या स्वतःच्या भागांचा. पण त्यात अगदी थोडासा गोंगाट विश्वाच्या जन्माच्या वेळचाही असायचा! साडेतेरा अब्ज वर्षांहून जुनी ती ऊब अजून सगळ्या आकाशात पसरलेली आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात ती खरखर सापडली. आधी त्यांना वाटलं, अँटेनात कबुतरांनी घाण केलीय म्हणून आवाज येतो. त्यांनी अँटेना धुऊन काढला. खरखर तशीच! त्या खरखरीचा अर्थ कळला आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मग या मुंग्या गेल्या कुठे? त्या गेल्या कारण टीव्ही डिजिटल झाला.

जुन्या पद्धतीत चित्र जसंच्या तसं लहरीवर बसवून पाठवत. त्याला ॲनालॉग म्हणतात. समजा टीव्हीवर कोयना धरण दाखवतायत. १०३ मीटर उंच भिंत, सहा वक्र दरवाजे आणि त्यांतून फेसाळत पडणारं पाणी. ॲनालॉग पद्धत ही अख्खी भिंत सेकंदाला २५ वेळा नव्याने पाठवायची. भिंत जागची हलत नाही, तरीही! डिजिटल पद्धतीत आधी चित्राचे आकडे करतात, आणि मग कळवतात, 'भिंत मघाचीच ठेवा, डोंगर मघाचाच ठेवा, फक्त पाणी बदललंय, त्याचे आकडे घ्या.' निरोप केवढा तरी छोटा झाला. त्यामुळे जिथे पूर्वी एकच कार्यक्रम मावायचा, त्याच जागेत आता कितीतरी मावतात.

कराडच्या एसटी स्टँडवर गेला आहात? समजा फलाट म्हणजे हवेतली जागा, वारंवारता. पूर्वी एका फलाटावर एक गाडी, आणि त्या गाडीत एकच प्रवासी! आता त्याच गाडीत पुष्कळ प्रवासी बसतात आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या नंबरचं तिकीट असतं. तुमचा सेटटॉप बॉक्स गाडीच्या दाराशी उभा राहतो, तुम्हाला हव्या त्या नंबराचे तुकडे तेवढे उतरवून घेतो आणि त्यांचं चित्र जुळवतो. बाकीच्यांना पुढे जाऊ देतो. हे सगळं इतक्या झटपट होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण जुन्या गाड्यांतून नव्या गाड्यांत जायचं, तर मधे काही काळ दोन्ही चालवाव्या लागतात. सगळ्यांनी एका रात्रीत नवे टीव्ही कसे घ्यायचे? म्हणून अनेक देशांत ॲनालॉग आणि डिजिटल बरीच वर्षं शेजारी-शेजारी चालले. चांगले फलाट जुन्या गाड्यांनी अडवलेले, त्यामुळे डिजिटलला मिळेल त्या फटीत उभं राहावं लागलं. जुन्या गाड्या बंद झाल्यावर डिजिटलला नवीन फलाट दिले. म्हणून चॅनेलांच्या वारंवारता बदलल्या, काही ठिकाणी दोन-दोनदा. इंग्लंडमध्ये हे काम २००७ मध्ये व्हाइटहेवन नावाच्या एका छोट्या बंदराच्या गावापासून सुरू झालं आणि सगळ्या ब्रिटनमध्ये ते संपायला २४ ऑक्टोबर २०१२ उजाडलं. अमेरिकेतली मोठी केंद्रं १२ जून २००९ ला डिजिटल झाली. आणि टीव्हीने रिकाम्या केलेल्या वरच्या फलाटांवर कोण आलं? मोबाइल! आपल्याकडेही ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा २०२२ च्या लिलावात मोबाइलसाठी दिली गेली.

आपल्या देशात हा बदल आणखी वेगळ्या वाटेने झाला. दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. महाराष्ट्रात मुंबईला आणि तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. शहरांतल्या केबललाही टप्प्याटप्प्याने डिजिटल व्हावं लागलं, मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर. आणि जुने ॲनालॉग प्रक्षेपक? मोक्याच्या जागांवरचे सुमारे ५० सोडून बाकीचे मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीने ठरवलं. मामांच्या काड्यांना आता ऐकायला काही उरलं नाही.

कोयनेच्या लोकांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी मान वर केली होती. टॉवर डोंगराआड आहे ना, मग असा टॉवर शोधू जो कुठल्याच डोंगराआड जात नाही! तो टॉवर म्हणजे उपग्रह. दूरदर्शनची फुकट डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेला. निकोबार बेटांच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्या नेमका वर तो एका जागी थांबल्यासारखा दिसतो, कारण पृथ्वी फिरते त्याच वेगाने तोही फिरतो. कोयनानगरपासून त्याचं अंतर साडेछत्तीस हजार किलोमीटर.

मामांच्या अंगणात उभं राहून आग्नेयेकडे तोंड करा. आता जमिनीपासून मान ६० अंश वर उचला. हां, तिथे आहे तो. इतका उंच की भोवतालचा एकही डोंगर आड येत नाही. ज्या डोंगरांनी इतकी वर्षं टीव्ही अडवला, त्यांच्या डोक्यावरून लहर थेट छत्रीत उतरते.

पण ही लहर अगदी वेगळी. तिची वारंवारता अकरा हजार मेगाहर्ट्झच्या पुढे, म्हणजे सेकंदाला अकराशे कोटी थरथराटांहून जास्त. लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी! एवढ्याशा लहरीला ८० सेंटिमीटरची काडी काय कामाची? तिथे छत्री लागते. छत्री सगळ्या लहरी गोळा करून समोरच्या दांडीवरच्या छोट्या डबीत टाकते. त्या डबीला एलएनबी म्हणतात.

ही डबी मला फार आवडते, कारण वारंवारता बदलण्याचं काम ती रोज, प्रत्येक क्षणी, आपल्याच छपरावर करते. अकरा हजार मेगाहर्ट्झची लहर तारेतून खोलीपर्यंत न्यायला गेलं तर ती वाटेतच विरून जाईल. म्हणून डबी आलेल्या आकड्यातून ९७५० वजा करते. ११,५०० आले असतील तर खाली पाठवते १७५०. चित्र तेच, आवाज तोच, फक्त फलाट बदलला. ही वजाबाकी अकराशे कोटी थरथराटांवर अखंड चालू असते, भर उन्हातान्हात, एवढ्याशा डबीत!

डोंगराची अडचण गेली, आणि पावसाची आली. कोयनेला वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ॲनालॉगच्या दीड-दोन मीटर लांब लहरीला पावसाचा थेंब जाणवायचाच नाही. पण अडीच सेंटिमीटरच्या लहरीला काही मिलिमीटरचा थेंब चांगलाच आडवा येतो. तो तिला थोडी शोषतो, थोडी विखुरतो. आणि डिजिटलचा स्वभाव असा की आकडे पुरेसे मिळतायत तोवर चित्र अगदी स्वच्छ, कमी पडले की आधी चौकोन चौकोन होतात, मग चित्र गोठतं, मग निळा पडदा. पूर्वीसारखं मुंग्यांतून अर्धवट दिसणं नाही.

जुलैत मामांकडे चित्र गेलं की ते उठून छत्रीकडे जात नाहीत. खिडकीतून आग्नेयेच्या आभाळाकडे बघतात. तिकडे काळं दाटलेलं असलं तर म्हणतात, "धा मिनिटं लागतील." घरावर पाऊस नसला तरी! लहर ज्या वाटेने येते त्या वाटेवर पाऊस आहे, हे त्यांना टीव्हीनेच शिकवलं. जगात काही शास्त्रज्ञ खरोखरच असं करतात. मोबाइलच्या दोन टॉवरांमधली लहर किती क्षीण झाली यावरून मधल्या पट्ट्यात किती पाऊस झाला ते काढतात.

तरी एखादं चॅनेल आभाळ निरभ्र असतानाही गायब होतं. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, आणि १ एप्रिलच्या सुमाराला काही चॅनेल जातात, काही नवे येतात, काहींचा फलाट बदलतो. तेव्हा बिघाड झाला समजून घाबरू नका. बॉक्सला फक्त जुनाच पत्ता पाठ असतो. रिमोटवरून 'ऑटो स्कॅन' लावा. बॉक्स सगळे फलाट एकेक करून हिंडतो आणि कोण कुठे उभं आहे त्याची नवी वही लिहून काढतो. मामांकडे हे काम आता त्यांची सातवीतली नात करते.

गेल्या मे महिन्यात मामांनी पाइप रंगवायला खाली उतरवला, तेव्हा मी त्या जुन्या अँटेनाची तार जोडलेली काडी टेपने मोजली. बरोबर ८० सेंटिमीटर. १४३ ला ०.८० ने भागलं. आले १७९ मेगाहर्ट्झच्या आसपास. चॅनेल ५! इतकी वर्षं गंजत पडलेल्या त्या काडीने आपला पत्ता अजून सांभाळून ठेवला होता.

तुमच्या गावात, आजीच्या माळ्यावर किंवा भंगाराच्या दुकानात असा अँटेना नक्की सापडेल. छपरावर स्वतः चढू नका, विजेच्या तारांजवळ तर मुळीच नको. मोठ्या माणसाला तो खाली उतरवून द्यायला सांगा. तार जोडलेली काडी शोधा, ती मीटरमध्ये मोजा आणि १४३ ला त्या आकड्याने भागा. उत्तर ४७ ते ६८ च्या दरम्यान आलं तर तो चॅनेल २ ते ४ चा, १७४ ते २३० च्या दरम्यान आलं तर ५ ते १२ चा. मग घरातल्या मोठ्यांना विचारा, त्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, आणि ते का. उत्तर आम्हाला पत्राने कळवा.